टोपी कोण काढणार

"टोपी मालनच काढेल," बळवंतकाका म्हणाला आणि बशीतला चहा ओढला. त्याच्यापुरता विषय संपला.

मी मोरीत भांडी विसळत होते. हातातला तांब्या आपटला.

"काय झालं गं?" कमळकाकीने विचारलं.

"सटकला हातातून."

"तांब्या नाही सटकला, तुझं डोकं सटकलंय."

टोपी म्हणजे आबांच्या, माझ्या आजोबांच्या, मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्सची टोपी. ती पितळी लेन्स आबांच्याही आधीच्या जमान्यातली. तिच्यात शटर नाहीच. बटण दाबलं, खटकन झालं, असलं काही नाही. टोपी काढायची, मोजायचं, टोपी लावायची. झाला फोटो. आबा नारळांनी मोजतात. एक नारळ, दोन नारळ. ग्रुप फोटोला चार नारळ. तेवढ्यात कोणी हललं तर त्याचं भूत होतं. म्हणून आमच्या घरात लहान पोराला बोलण्याआधी गप्प बसायला शिकवतात.

आणि जो टोपी काढतो तो कॅमेऱ्याजवळ, म्हणजे फोटोत नाही. एवढं कळायला मॅट्रिक व्हावं लागत नाही.

आईच्या लग्नात टोपी आबांनीच काढली. नंतर त्यांना वाटलं, आपणही फोटोत बसावं. मुलांपैकी एकाच्या हातात जोर जास्त, दुसऱ्याच्या हातात कंप. धाकट्या सुनेच्या, म्हणजे माझ्या आईच्या, हातात दोन्ही नाही. "मालनचो हात म्हणजे तराजू," आबा म्हणाले आणि तिला शिकवलं. घरातले सगळे खूश. तेव्हापासून बारसं, मुंज, लग्न, काहीही असो, सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं आणि मालनने टोपी काढायची. गावच्या माजघरात आमच्या घराण्याचे फोटो ओळीने लागलेत. त्यात माझी आई एकदाच आहे, मुंडावळ्या बांधलेली, मान खाली, तोंड दिसत नाही. मागे गणपतीला गेलो तेव्हा शेजारच्या एका म्हातारीने तिला विचारलं, "तू कामाक इलंस काय गो ह्यांच्याकडे?" आई हसली. मी नाही हसले.

आता हा शेवटचा फोटो. आमचा मुलुंडचा स्टुडिओ महिनाअखेर बंद, मालकाला इमारत पाडायचीय. मोठा कॅमेरा आबांबरोबर गावी जाणार. आणि त्या मापाच्या फिल्मचं एकच शीट खोक्यात शिल्लक. काकाने फोर्टात विचारून झालं होतं. दुकानदार म्हणाले, ह्या मापाचं आता कोण वापरतं, काका?

एकच शीट, म्हणजे एकच फोटो. आणि त्या फोटोला माझा बाप येणार होता, नाहूरहून, आम्हाला सोडून जिच्याकडे गेला त्या अनुपमाला घेऊन.

मी हात पुसत बाहेर आले. "काका, म्हणजे पप्पा त्या बाईच्या शेजारी उभे राहणार आणि आईने त्यांचा फोटो काढायचा?"

"नीले, मोठ्यांच्या मध्ये बोलू नको."

"मग मोठ्यांनीच बोला. कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलते."

आई चुलीपाशी, म्हणजे स्टोव्हपाशी, पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

सुगंधाआत्या त्या दिवशी बोरिवलीहून आली होती, खास ह्याच विषयासाठी. तेव्हा ती आमच्या बाजूने होती. "बळवंता, पोरगी बरोबर बोलते," ती म्हणाली. "मालनला काय दगडाची समजलास? दुसऱ्या कोणाला टोपी काढायला सांग ना. समोरच्या स्टेशनरीवाल्या शहाला सांग."

"बाहेरच्या माणसान लेन्सीक हात लावूचो नाय," कोपऱ्यातून आबा. आबांचा उजवा हात मागच्या वर्षी गेला, नजरही अर्धी गेली, पण लेन्सचा विषय निघाला की कान हजर.

"तर मग नंदू काढेल," आत्या.

"नंदू घराण्याचा थोरला नातू आहे," काकी म्हणाली. "तो फोटोत नको?"

"स्टुडिओच्या नव्या कॅमेऱ्यात टायमर आहे," नंदू म्हणाला. "बटण दाबायचं, पळत जाऊन उभं राहायचं. झकास काम. कोणी बाहेर राहायला नको."

"पोष्टकार्डाएवढो फोटो माजघरात लावतलास?" आबा. "आणि बघूक दुर्बीण ठेवतलास?"

"पडद्याचं शटर आहे ना आबा?" आत्याला आठवलं. "ते लाकडी खोकं, लेन्सच्या पुढे लावायचं, आत काळं कापड सरकन खाली येतं ते?"

"कापड उंदरांनी खाल्लं," काका म्हणाला. "स्प्रिंग बसली. आणि ते पण दोरी ओढायला माणूस लागतोच. कोणीतरी कॅमेऱ्याजवळ उभं राहायलाच हवं, सुगंधे. मालन उभी राहते, ह्यात काय नवीन? तिला सवय आहे. बरं, तिने कधी तक्रार केली?"

सगळे आईकडे बघायला लागले. आईने पोळी उलटली.

"बघ," काका म्हणाला.

आमच्या घरात स्टुडिओ आणि खोल्यांच्या मध्ये फक्त प्लायवूड आहे. कोण काय बोललं ते सगळ्यांना ऐकू जातं, आणि कोण काय बोललं नाही ते मला. म्हणून काकाच्या मनात काय होतं ते मी सांगू शकते.

संपात गिरणी गेल्यावर काका पत्र्याची ट्रंक घेऊन लालबागहून मुलुंडला आला आणि तेव्हापासून पासपोर्ट फोटो काढतोय. लोकांना "हनुवटी खाली" सांगून सांगून त्याची स्वतःची हनुवटी कायमची खाली गेली. आता स्टुडिओपण गेला. नंदू आयटीआय करून घरी बसलाय. पप्पा भांडुपच्या कंपनीत सुपरवायझर, त्यांच्या एका शब्दावर नंदू आत लागू शकतो. काका दोनदा नाहूरला जाऊन आला. पहिल्यांदा आल्यावर काकीला म्हणाला, "तोंड बघणार नाही त्याचं." दुसऱ्यांदा म्हणाला, "बाई तशी वाईट नाही. चहात आलं घालते."

पप्पांची अट एकच होती. आबा गावी जायच्या आत घराण्याच्या फोटोत अनुपमा पाहिजे. एकदा ती माजघराच्या भिंतीवर गेली की गाव काय विचारणार? फोटोत आहे म्हणजे घरातली आहे. पण आई पण त्याच फोटोत असली तर? एक नवरा, दोन बायका, गावात वर्षभर पुरेल एवढा विषय. आई कॅमेऱ्यामागे असली की सगळं सरळ. नेहमीसारखं. कोणी मुद्दाम काही केलं असंही नाही.

काका वाईट माणूस नाही. हे मी रागात असताना पण म्हणते. पण नंदूच्या नोकरीसाठी त्याने माझ्या आईला भिंतीवरून पुसायचं ठरवलं होतं, आणि ते पण तिच्याच हाताने.

मी आबांचं कपाट उघडलं. पडद्याचं शटर खरंच गेलेलं होतं. पण त्याच्या खाली तेलकट फडक्यात एक चपटी चौकोनी पेटी निघाली. आत काळी पातळ झडप, बाजूला बोटाएवढं पितळी नळकांडं.

"आबा, हे काय?"

त्यांनी डाव्या हाताने चाचपलं. चेहरा उजळला. "हवेचा शटर! ह्या लेन्सच्या मागे बसवूचा. नळयेक फुगो. फुगो दाबलो काय झडप उघाडता, सोडलो काय मिटता. टक्. फुगो सडलो, मगे मी टोपयेर इलंय."

"नळी लांब असली तर?"

"किती लांब?"

"तुमच्या खुर्चीपर्यंत."

आबांनी नळकांड्यावरून अंगठा फिरवला. मग हसले. त्यांना कळलं होतं. "फुगो माझ्या हातात दी," ते म्हणाले. "नारळ मोजूक माका अजून येतत."

फुगा मी रिक्षा चालवणाऱ्या महादूकडून आणला. त्याच्या जुन्या भोंपूचा, जाड काळा. "काय गं, रिक्षा काढतेस काय?" म्हणाला. नळी औषधाच्या दुकानातली, लाल रबरी. नळी पेटीला लावून फुगा दाबला, फुस्स, झडप उघडली. सोडला. टक्, मिटली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तेच करत बसले. फुस्स, टक्. शेवटी काकी ओरडली, "बंद कर गं ते, डोक्यात फेरीवाला शिरल्यासारखं होतंय."

आईने एकदा येऊन बघितलं. झडप मागून, पुढून. फुगा दाबून पाहिला नाही.

"तू बसणार फोटोत," मी म्हटलं.

"बघू."

"बघू नाही. बसणार. हिरवी साडी नेस."

"हिरवी काळी येते फोटोत," आई म्हणाली. "पिवळी नेसते. पिवळीवर नक्षी दिसते."

म्हणजे तिने विचार केला होता. साडीचा रंग कसा येईल इथपर्यंत. मी काही बोलले नाही, उगाच बोलले असते तर तिने नाही म्हटलं असतं.

रविवारी पप्पा आले. पांढरा सफारी, नवीन काळे बूट. अनुपमा मागे, हातात मिठाईचा बॉक्स, तो कोणाच्या हातात द्यावा ते तिला कळेना. शेवटी तिने तो स्टुडिओच्या काउंटरवर ठेवला, गिऱ्हाइकासारखा.

पप्पांनी मला विचारलं, "काय नीलाताई, शाळा सोडलीस म्हणे?"

"तुम्हाला बघून सोडायला शिकले."

आत्याने मला चिमटा काढला. आणि मग तिने पप्पांकडे बघितलं, पप्पांनी वाकून तिच्या पायाला हात लावला, "ताई, वाळलीस गं" म्हणाले, आणि बाईचं पाणी झालं. डोळ्याला पदर. "भाऊ तो भाऊच शेवटी," ती म्हणाली. बोरिवलीहून येताना आणलेलं सगळं धैर्य दोन मिनिटांत सांडलं.

आई दारातून बाहेर आली. पिवळी साडी. तिने पप्पांच्या डोक्यावरून पलीकडे बघितलं, पाऊस पडतोय का बघतात तसं. सहा वर्षांत तिने त्यांच्याशी एक शब्द बोललेला नाही. ते घर सोडून गेले त्या दिवशीही तिने सकाळी त्यांचे बूट पॉलिश करून दारात ठेवले होते, बारा वर्षं रोज ठेवायची तसेच, आणि ते घालूनच हे गेले. तेव्हापासून शब्द बंद. कधी आलेच तर निरोप माझ्यामार्फत. "त्यांना सांग चहा झालाय." मी पोस्ट ऑफिस.

काकाने मागच्या अंगणात बागेचा पडदा लावला होता, आबांनी रंगवून घेतलेला, कारंजं आणि दोन अशोकाची झाडं. मधे आबांची आरामखुर्ची, दोन बाजूंना वेताच्या दोन खुर्च्या. कॅमेरा तिपाईवर, पेटी मी आदल्या दिवशीच बसवलेली, लाल नळी जमिनीवरून बाजूने फिरवून, खुर्चीच्या मागून आबांच्या डाव्या हातात.

"हे काय?" काका.

"हवेचं शटर. टोपी नको. कोणीच बाहेर नको. सगळे फोटोत."

काका नळीकडे बघत राहिला. त्याच्या रविवारच्या सगळ्या बेतात ती लाल नळी आडवी पडली होती. "शेवटचं शीट आहे," तो म्हणाला. "असल्या भोंपूवर भरवसा ठेवायचा? फसलं तर? मालन, तूच सांग. टोपीच बरी ना?"

आईने तोंड उघडायच्या आत अनुपमा बोलली. हळू बोलली, पण सगळ्यांनी ऐकलं. "मी काढू का टोपी? मला दाखवलंत तर जमेल. म्हणजे मग सगळे..."

"बाहेरच्या माणसान लेन्सीक हात लावूचो नाय!" आबा.

मला हसू आलं, कडू हसू. अनुपमाला फोटोत उभं राहायला घर मोकळं, पण लेन्सला हात लावायला ती परकी. आईला लेन्सला हात लावायला घर मोकळं, पण फोटोत ती परकी. हे कोणी ठरवलं? कोणीच नाही. आमच्या घरात सगळं कोणीच ठरवत नाही.

अनुपमाचा चेहरा कानापर्यंत लाल. तिला यायचंच नव्हतं. हे तिने मला फार नंतर सांगितलं, भांडुप स्टेशनबाहेर, पण त्या क्षणीही तिच्या चपलांकडे बघून कळत होतं, टाचा उचललेल्या, दाराकडे वळलेल्या. पप्पांनी तिच्या कोपराला धरलं आणि वेताच्या खुर्चीकडे आणलं. "बस."

"हो हो, पाहुण्या आहेत, बसू दे," काका.

आणि तिथे कमळकाकी फिरली. जी कधी आईच्या बाजूने एक शब्द बोलली नव्हती, ती काकी पदर खोचून पुढे आली. "ती खुर्ची कोणाची?"

"अगं, कोणाची म्हणजे?"

"आबांच्या एका हाताला थोरली सून, एका हाताला धाकटी. माझ्या सासूबाईंनी लावून दिलेला मान आहे हा. थोरली मी. धाकटी मालन. ही उभी राहील. हिला माझ्या बरोबरीला बसवणार तुम्ही? नंदूच्या नोकरीसाठी उद्या मला पण उभं कराल."

नंदू पडद्यावरची झाडं मोजायला लागला.

"मालन, बस गो तू," आबा म्हणाले.

काकी खुर्ची पुसायला लागली, पदराने, स्वतः. ती आईवर माया म्हणून करत नव्हती, स्वतःच्या खुर्चीसाठी करत होती. मला चाललं. मायेची वाट बघत बसलो असतो तर आईचे केस पांढरे झाले असते.

आईने आधी कॅमेऱ्याकडे जाऊन काळ्या कापडात डोकं घातलं. सगळ्यांना नीट जमवून घेतलं, हाताने खुणा करत. आत्याला आत, नंदूला मागे. पप्पांना कडेला उभं राहायचं होतं, अनुपमाजवळ. तिकडे तिने खूण केली नाही. शीट आत सरकवलं, पुढची पट्टी वर ओढली. टोपी काढून कमरेला खोचली, सवयीने. मग येऊन खुर्चीत बसली.

मी आबांच्या पायाशी जमिनीवर. माझ्या खांद्याला तिच्या साडीची कड लागत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा फोटोत आईच्या शेजारी बसले होते. नेहमी मी तिच्याकडे बघत असायचे, समोरून.

"टक् ऐकू येईसर कोणी हलूचा नाय," आबा म्हणाले. "दाबतंय."

फुस्स.

"एक नारळ."

माझ्या मागे डावीकडे काहीतरी सरकलं. हलकं. मी मान वळवली नाही. आम्ही कोणीच वळवत नाही.

"दोन नारळ... तीन नारळ... चार." आबांनी फुगा सोडला.

टक् झालं नाही.

लेन्सच्या आत काळोख दिसायला पाहिजे होता, झडप मिटल्याचा. उजेडच होता. झडप उघडी. आबांनी फुगा परत हातात घोळवला. काहीच नाही. शेवटचं शीट उन्हात पापड वाळत टाकावा तसं उजेडात पडलं होतं. काका हलला नाही. काकी हलली नाही. नंदू, आत्या, अनुपमा, सगळे पुतळे. आमचं खानदान असं तयार केलेलं आहे, घर पेटलं तरी टक् ऐकल्याशिवाय कोणी उठणार नाही. मी मनात नारळ मोजत होते. पाच. मला श्वास सोडता येईना. सहा.

खांद्याची साडी सुटली.

आई उठली. धावली नाही, चालत गेली, पडद्याच्या कडेने, लेन्सच्या मध्ये न येता. कमरेची टोपी काढली आणि लेन्सवर लावली. हाताला जराही कंप नाही. तराजू.

आणि मग, टोपी लागल्यावर, आतून टक् झालं.

"शटर मिटला काय?" आबांनी विचारलं.

काकाने टोपीकडे बघितलं. मग आत्या म्हणाली, "चला, झाला एकदाचा." आणि मिठाईचा बॉक्स फोडायला गेली.

पप्पा आणि अनुपमा जेवायला थांबले नाहीत. फाटकापाशी अनुपमा मागे वळली, माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होती. पप्पा म्हणाले, "चल, गाडी जाईल." गेले.

शीट आईनेच धुतलं. लाल दिव्याच्या खोलीत मी, ती आणि तिच्या मागे दारात काका. नंतर निगेटिव्ह खिडकीला धरलं. निगेटिव्ह मला वाचता येतं, काळं ते गोरं, गोरं ते काळं. छान आलं होतं, जरा जाड, पण छान. आबा सुंदर. काकी महाराणी. आत्याचे डोळे मिटलेले नाहीत, हे पण नवलच. अनुपमा इतकी स्पष्ट की कानातली फुलं मोजता येतील. बाहेरची बाई, पण घरातल्या सगळ्यांपेक्षा स्थिर उभी राहिली होती.

आणि आबांच्या दुसऱ्या हाताला खुर्ची. खुर्चीत धूर. पिवळ्या साडीची नक्षी पुसट, आणि तिच्या पोटातून वेताची जाळी आरपार दिसत होती. चेहऱ्याच्या जागी पडद्यावरचं अशोकाचं झाड.

"चांगला आलाय," काका म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, ती त्याला लपवता आली नाही. "ते तेवढं खुर्चीचं बघ मालन. खरवडून, पेन्सिल फिरवून घालव. झाड कर तिथे. मागे झाडं आहेतच."

स्टुडिओचं टचिंग आईच करते. लोकांचे मुरूम, देवीचे व्रण, गेलेले दात, सगळं तिची पेन्सिल भरून काढते. तिला झाड करणं म्हणजे दहा मिनिटांचं काम.

मी काकाच्या अंगावर जाणार होते. खरंच जाणार होते. आईने निगेटिव्ह टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "नाही करणार, भावजी."

"अं?"

"खुर्ची राहील."

"अगं, गावात लोक विचारतील, तिथे कोण होतं म्हणून."

"विचारू देत."

"वेडी काय तू? असा फोटो लावतात का भिंतीवर? घराण्याच्या फोटोत भूत?"

बाहेरून काकी म्हणाली, "राहू दे ओ. माझ्या बरोबरीला भूत बसलं तर चालेल मला. दुसरं कोणी नको." प्लायवूड.

काका थोडा वेळ उभा राहिला. हनुवटी खाली. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, वाईट नाही, चांगलंच असावं. पण नंदूची नोकरी अजून लागायची होती. तो गेला.

मी निगेटिव्ह परत खिडकीला धरलं. कुठे चुकलं ते शोधत होते. नळी मी दहा वेळा तपासली होती, फुगा चांगला, झडप चांगली. आणि मग मला दिसलं, कडेला, खाली. पप्पांचा बूट. आणि बुटाच्या खाली माझी नळी, चेपलेली. बूट इतका स्पष्ट की टाके दिसत होते. नळी दाबली गेली, हवा परत गेली नाही, झडप मिटली नाही. पाय उचलल्यावर टक् झालं. इतकं साधं.

"आई." मी निगेटिव्ह तिच्यापुढे केलं. "हे बघ. हे बघ ना. पप्पांनी पाय ठेवलाय नळीवर!"

"हो."

"हो काय?"

"तेव्हाच दिसला मला," आई म्हणाली. ती पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर घासत होती, सुईसारखं. "मी त्या बाजूलाच बसले होते. पहिल्या नारळाला सरकला."

"मुद्दाम?"

"ते विचारायला बोलावं लागतं."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. "अगं, मग सांगायचं ना त्यांना! फोटो चालू असला तरी ओठ न हलवता सांगता येतं. पाय काढा! दोन शब्द होते, आई! दोन शब्दांत तू फोटोत होतीस! मी एवढं सगळं केलं, आबांनी केलं, काकीने पण... दोन शब्द!"

"दोनच होते," आई म्हणाली. "तेच त्यांना द्यायचे नव्हते."

मी खाली बसले. रडले नाही. रडले असते तर तिने पाणी दिलं असतं, आणि मला तिच्या हातचं काही नको होतं तेव्हा.

तिने निगेटिव्ह टचिंगच्या डेस्कवर लावलं, मागून उजेड घेतला, डोळ्याला भिंग. मला वाटलं, आता ती स्वतःला भरेल. तिला येतं. तिने लोकांचे मेलेले आईबाप पासपोर्ट साईजवरून उभे केलेत. चेहऱ्याच्या जागी चार रेघा, डोळे, नाक, कुंकू. गावच्या भिंतीवर एकदा तरी, मान वर करून.

पेन्सिल धुराच्या खुर्चीवरून गेली. थांबली नाही. कडेला आली. खाली उतरली. बुटाच्या टोकावर टेकली आणि बारीक, बारीक फिरायला लागली. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की फोटोत ती जागा उजळते. हे तिनेच मला शिकवलंय.

"काय करतेस?" मी विचारलं.

"पॉलिश," आई म्हणाली.